मापांना मिळालेली माणसांची नावे

(किन्हीराजा, ता. मालेगाव, येथील शिक्षकसभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



विहिरीवरच्या मोटारपंपाला एक लहानशी पत्र्याची पट्टी बसविलेली असते. किन्हीराजाच्या शिवारातील कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाने ती पाहिलेली असते. तीवर व्होल्ट, अँपिअर, हर्ट्झ, किलोवॅट अशी अक्षरे व त्यांपुढे आकडे कोरलेले असतात. मुलगा शाळेत येऊन विचारतो, “गुरुजी, व्होल्ट म्हणजे काय?” गुरुजी सांगतात, “विद्युत्-दाबाचे एकक.” मुलगा ते वहीत उतरून घेतो आणि परीक्षेत बिनचूक लिहितो. उत्तर बरोबर आहे. तथापि ते अर्धे आहे. व्होल्ट हे नाव ज्याच्यावरून आले तो व्होल्टा हा इटलीतील एक अध्यापक होता, अँपिअर हा फ्रान्समधील गणिताचा शिक्षक होता, वॅट हा ग्लासगो येथे यंत्रे दुरुस्त करून पोट भरणारा कारागीर होता, हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नसते. ग्राम आणि मीटर या शब्दांच्या रांगेतच तो वॅट आणि व्होल्ट यांना बसवितो.

यात मुलाचा दोष नाही. इंग्रजी मुलाला निदान एक खूण तरी मिळते. एकक माणसाच्या नावावरून आले असेल तर त्याचे संक्षिप्त चिन्ह रोमन लिपीतील मोठ्या अक्षरात लिहावे आणि पूर्ण नाव मात्र लहान अक्षराने सुरू करावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. तो मार्मिक आहे. मोठे अक्षर सांगते की येथे एक माणूस होता. लहान अक्षर सांगते की आता हे त्याच्या एकट्याचे नाव उरले नाही, विशेषनामाचे सामान्यनाम झाले. देवनागरीत मोठी व लहान अक्षरे नाहीत, म्हणून ही खूण आपल्याकडे पोचतच नाही. ‘वॅट’ आणि ‘लिटर’ पाटीवर एकसारखेच दिसतात. जे लिपी सांगत नाही ते शिक्षकाने सांगितले नाही, तर ते कोणीच सांगणार नाही. मराठी व्याकरणाच्या तासाला कुंभकर्ण आणि जमदग्नी ही विशेषनामे सामान्यनामासारखी कशी वापरली जातात हे मुले शिकतच असतात. त्याच तासाला ‘पाच अँपिअरचा फ्यूज’ हे उदाहरण घ्यावयास हरकत नाही.

जुन्या मापांचा विचार केला तर असे दिसते की त्यांची नावे बहुधा माणसाच्या शरीरावरून किंवा भांड्यावरून आली. हात, वीत, बोट, पायली ही त्यांची उदाहरणे. राजांनीही मापे ठरविली आणि राजांची नावे नाण्यांना लागली. अकबराच्या काळचा इलाही गज आणि शिवकालीन तांब्याची शिवराई ही प्रसिद्धच आहेत. परंतु राजाचे माप राजाच्या हुकमाने चाले आणि राज्याची शीव ओलांडली की बदले. परक्या देशातील लोकांनी, कोणाची सक्ती नसताना, एका शिक्षकाचे किंवा कारागिराचे नाव आपल्या तराजूला द्यावे, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम घडली. ती का घडली हे पाहण्यासारखे आहे, कारण तिच्या मुळाशी गुणीजनांच्या गौरवाची इच्छा फारशी नव्हती. मुळाशी होती एक व्यापारी अडचण.

१८५८ साली अटलांटिक महासागराच्या तळाशी तारायंत्राची पहिली दोरी टाकण्यात आली व ती थोड्याच आठवड्यांत मुकी झाली. त्यापाठोपाठ हिंदुस्थानला इंग्लंडशी जोडण्याकरिता सुएझहून एडनमार्गे कराचीपर्यंत टाकलेली तांबड्या समुद्राची तारही १८६० च्या सुमारास निकामी ठरली. लाखो पौंड समुद्रात गेले. चौकशी झाली तेव्हा असे आढळले की तारेचा दोष कोठे आहे हे मोजून सांगावयाचे तर मापच एक नाही. कोणी रोध ‘अमुक जाडीच्या तारेचे इतके मैल’ असा सांगे, कोणी आपल्या कारखान्यातील तांब्याच्या वेटोळ्याशी तुलना करी, तर जर्मनीत वेर्नर सीमेन्सने एक मीटर लांबीचा पाऱ्याचा स्तंभ प्रमाण म्हणून पुढे केला होता. गावोगाव निराळी पायली असली म्हणजे बाजारात जे होते तेच तारायंत्राच्या धंद्यात होऊ लागले.

१८६१ साली मँचेस्टर येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट या दोन तारायंत्र-अभियंत्यांनी एक निबंध वाचला. विद्युत्-मापांची एकच सुसंगत पद्धती असावी आणि त्या मापांना या विषयातील थोर संशोधकांची नावे द्यावीत, अशी त्यांची सूचना होती. ओहमा, व्होल्ट, गॅल्व्हट, फॅरड ही नावे त्यांनी सुचविली. गंमत अशी की या मूळ सूचनेत ‘ओहमा’ हे दाबाचे एकक होते आणि ‘व्होल्ट’ हे रोधाचे; आज नेमके उलट आहे. गॅल्व्हानीचे नाव तर गळूनच गेले. नावे ठरताना किती उलथापालथ होते हे यावरून दिसते. फॅरडे त्या वेळी हयात होता. सन्मान केवळ मृतांचाच करावा, असा नियम तेव्हा नव्हता.

पुढे वीस वर्षे एक समिती हे काम करीत राहिली. १८८१ साली पॅरिस येथे विद्युत्-शास्त्रज्ञांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तीत ओहम, व्होल्ट, अँपिअर, कुलोम व फॅरड ही पाच नावे मान्य झाली. फ्रान्स आणि जर्मनी यांचे युद्ध संपून तेव्हा अवघी दहा वर्षे झाली होती. तरीही फ्रेंचांच्या राजधानीत ओहम या जर्मनाचे नाव रोधाला मिळाले. इंग्लंडमध्ये प्रवाहाच्या एककाला वेबर या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव रूढ होत होते. ते बाजूस सारून अँपिअर या फ्रेंचाचे नाव आले. थोडी देवाणघेवाण झालीच असणार; परंतु पाच नावांत इटालियन, जर्मन, फ्रेंच आणि इंग्रज असे चारही आले, हेही खरे. १८८९ च्या पॅरिस परिषदेत ज्यूल आणि वॅट यांची भर पडली. ज्यूल तेव्हा जिवंत होता. त्यानंतर काही आठवड्यांतच तो वारला.

या मंडळीत ओहमची कथा शिक्षकांनी विशेष लक्षपूर्वक ऐकावी अशी आहे. गेओर्ग ओहम हा १७८९ साली एर्लांगेन येथे एका कुलुपे बनविणाऱ्याच्या घरी जन्मला. बाप स्वतः पुस्तके वाचून गणित शिकला होता व त्याने मुलांनाही शिकविले. १८१७ पासून ओहम कोलोन येथील शाळेत गणित आणि पदार्थविज्ञान शिकवू लागला. शाळेत थोडी उपकरणे होती; वर्ग सुटल्यावर त्याने त्यांवर प्रयोग आरंभिले. तारेची लांबी वाढविली की प्रवाह किती कमी होतो, एवढाच त्याचा प्रश्न होता. परंतु त्या काळच्या विद्युत्-घटाचा जोर मिनिटागणिक ओसरे, आणि त्यामुळे मोजमाप चुके. १८२५ साली त्याने जो नियम प्रसिद्ध केला तो चुकीचा निघाला. हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण पाठ्यपुस्तकात ओहमचा नियम अगदी सरळ, जणू एका दुपारी सापडल्यासारखा लिहिलेला असतो.

नंतर पोगेनडॉर्फ या मित्राच्या सल्ल्यावरून त्याने घट टाकून दिला व बिस्मथ आणि तांबे यांचा जोड घेतला. जोडाचे एक टोक उकळत्या पाण्यात आणि दुसरे बर्फात ठेवले. पाणी उकळते त्याचे तापमान आणि बर्फ वितळते त्याचे तापमान ही दोन्ही स्थिर असतात. म्हणून जोडातून मिळणारा विजेचा जोरही स्थिर राहिला. मग त्याने एकाच जाडीच्या आठ तारा घेतल्या, सर्वांत आखूड दोन इंचांची आणि सर्वांत लांब एकशे तीस इंचांची, आणि एकेक तार जोडून धाग्यास टांगलेली चुंबकसुई किती फिरते ते पाहिले. १८२६ साली मिळालेले आकडे त्या साध्या नियमात बसले. १८२७ साली त्याने अर्ध्या पगाराच्या रजेवर बर्लिनला राहून आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

ग्रंथाचे स्वागत झाले नाही. विद्यापीठात जागा मिळाली नाही. कोलोनची नोकरी सुटली आणि कित्येक वर्षे तो किरकोळ अध्यापन करून राहिला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्याला कॉप्ली पदक दिले, तेव्हा त्याच्या स्वतःच्या देशाने त्याच्याकडे नीट पाहिले. म्युनिक येथे पूर्ण प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ साली. १८५४ साली तो वारला. त्याचे नाव मापाला लागले ते आणखी सत्तावीस वर्षांनी.

अमेरिकेतील जोसेफ हेन्री हाही असाच. ऑल्बनी येथील माध्यमिक शाळेत तो शिकवीत असे आणि प्रयोगाला मोकळी जागा व सवड सुट्टीतच मिळे. त्याच्या नावाचे एकक १८९३ साली शिकागो येथील परिषदेत ठरले. वॅटची गोष्ट निराळी व थोडी विनोदी आहे. आपले वाफेचे यंत्र किती घोड्यांचे काम करते हे गिऱ्हाइकास सांगता यावे म्हणून त्याने ‘अश्वशक्ती’ हे माप बसविले. पुढे जगाने त्याचे ते माप बाजूला सारून त्याच्याच नावाचे माप घेतले. वऱ्हाडातील शेतकऱ्याने मात्र दोन्ही ठेवली आहेत. मोटार तो ‘पाच एच.पी.’ची घेतो, म्हणजे सुमारे ३,७३० वॅटची, आणि बिल भरतो ‘युनिट’चे. हे युनिट म्हणजे एक किलोवॅट-तास, अर्थात ३६ लक्ष ज्यूल. वॅट आणि ज्यूल हे दोघेही त्या बिलात बसलेले असतात, पण बोलण्यात ‘युनिट’ या शब्दाखाली झाकून जातात. शाळेच्या मीटरवरचे दोन दिवसांचे आकडे फळ्यावर लिहून मुलांकडून ही वजाबाकी व गुणाकार करवून घेता येतो.

इतके सांगून झाले की एखादा चुणचुणीत मुलगा किंवा मुलगी हमखास विचारते, “गुरुजी, यांत आपला कोणीच कसा नाही?” हा प्रश्न टाळू नये, आणि खोट्या अभिमानाने त्याचे उत्तरही देऊ नये. आजच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत एकोणीस एककांना माणसांची नावे आहेत. त्यांत भारतीय एकही नाही. स्त्रीही एकही नाही. क्यूरी हे किरणोत्सर्गाचे एकक १९१० साली ठरले खरे. परंतु ते पिएर क्यूरी यांच्या स्मरणार्थ की पतिपत्नी दोघांच्या, याविषयी त्या काळच्या लिखाणांतच एकवाक्यता नाही, आणि १९७५ साली त्याच्या जागी बेकरेल हे एकक आले. ज्या परिषदांत ही नावे प्रथम ठरली तेथे पारतंत्र्यातील हिंदुस्थानला स्वतःचा आवाज नव्हता. विद्युत्-शास्त्राचे पायाभूत शोधही त्या काळी आपल्याकडे लागले नव्हते. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात. एक सांगून दुसरी लपविणे हे शिक्षकाला शोभणारे नाही.

पण उत्तर येथेच संपत नाही. ज्या कामातून ही मापे उभी राहिली, त्या कामात मराठी माणसांचा हात होता.

जर्मनीतील गटिंगेन येथे गाऊस या गणितज्ञाने १८३२ साली पृथ्वीच्या चुंबकत्वाचे बल लांबी, वस्तुमान आणि काळ या तीन मापांत कसे मोजावे हे दाखवून दिले. पुढे विद्युत्-मापांची पद्धती उभारली गेली ती याच पायावर. गाऊस व वेबर यांनी मग निरनिराळ्या देशांतील वेधशाळांचा एक संघ जमविला. ठरलेल्या दिवशी, गटिंगेनच्या घड्याळाप्रमाणे, सर्वांनी एकाच क्षणी सुई पाहावयाची. या कार्याची लाट इंग्लंडपर्यंत आली व ईस्ट इंडिया कंपनीने सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई येथे चुंबकीय निरीक्षणे सुरू केली. मुंबईतील कुलाब्याची वेधशाळा १८२६ पासून होतीच. तेथे चुंबकीय नोंदी १८४१ साली सुरू झाल्या. एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक ऑर्लिबार हे तिचे प्रमुख होते. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले, आणि केरो लक्ष्मण छत्रे हे तरुणपणी ऑर्लिबारांच्या हाताखाली तेथे साहाय्यक होते. हेच केरूनाना पुढे पुण्यास आले, शिक्षक तयार करणाऱ्या नॉर्मल स्कुलात शिकवू लागले, आणि डेक्कन कॉलेजात लोकमान्य टिळकांचे गुरू झाले. प्राथमिक शिक्षकांना गणित व सृष्टिशास्त्र शिकविणाऱ्या या गुरूने स्वतः वेधशाळेत काम केले होते, ही गोष्ट शिक्षकांच्या सभेत तरी विसरली जाऊ नये.

त्या नोंदींचे पुढे काय झाले? १८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या आरंभी सूर्यावर प्रचंड स्फोट झाला आणि पृथ्वीच्या चुंबकत्वात असे वादळ उठले की युरोप-अमेरिकेतील तारायंत्रे बंद पडली. उत्तरेकडील कित्येक वेधशाळांची उपकरणे मापाच्या बाहेर गेली. कुलाब्याच्या निरीक्षकांनी मात्र आपल्या दुर्बिणीतून सुई पाहून आकडे टिपणे चालू ठेवले. चुंबकीय बलाचा आडवा घटक थोड्या वेळात सुमारे सोळाशे नॅनोटेस्लांनी खाली आला होता. त्या आकड्यांचे छापील कोष्टक मुंबईत जपून राहिले, आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या वादळाची तीव्रता ठरविण्यासाठी शास्त्रज्ञांनी त्याचाच आधार घेतला. ज्यांनी त्या दिवशी डोळा लावून आकडा टिपला, त्यांची नावे कोणत्याही मापाला लागलेली नाहीत. त्यांचा आकडा मात्र आजही जगभर उद्धृत होतो.

मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले तेव्हा त्यांच्या प्रवाहाने सुया बहकतील म्हणून वेधशाळा हलवावी लागली. नानाभाई आर्देशिर फ्रामजी मूस हे तिचे पहिले भारतीय संचालक होते. त्यांच्या कारकीर्दीत अलिबाग येथे नवी वास्तू उभी राहिली व १९०४ साली तेथील नोंदी सुरू झाल्या. बांधकामाचा दगडसुद्धा चुंबकीय नसावा याची काळजी घेतली गेली. काही काळ कुलाबा व अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू ठेवले, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांची सांधेजोड तुटू नये. अलिबागेस हे बल आडव्या दिशेने सुमारे ०.३८ गॉस, म्हणजे अडतीस हजार नॅनोटेस्लांच्या घरात भरते. गॉस हे नाव १९०० साली ठरले आणि टेस्ला १९६० साली; एक टेस्ला म्हणजे दहा हजार गॉस. नाव बदलले, पृथ्वीचे बल तेच राहिले.

आपल्या शास्त्रज्ञांची नावे एककांना नसली तरी इतरत्र लागली आहेत. रामन परिणाम, बोसॉन, चंद्रशेखर मर्यादा ही सर्वांना ठाऊक असतात. परंतु शिक्षकांना जवळचे वाटावे असे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे. डहाणूस १९०५ साली जन्मलेले कापरेकर देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिक्षक होते. कोणतेही चार अंक घ्यावेत, सगळे सारखे नसावेत. त्यांची मोठ्यात मोठी व लहानात लहान संख्या मांडून वजाबाकी करावी, आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करावे. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही केले तरी ६१७४ च. १९४९ साली त्यांनी हे मांडले. आज ही संख्या जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते. चौथीच्या मुलाला वजाबाकी येत असली की त्याच्या पाटीवर हा स्थिरांक उतरतो.

एक सावधगिरी मात्र घेतलीच पाहिजे. माणसाच्या नावाची गोडी लागली की प्रत्येक मापामागे माणूस शोधण्याची हौस सुटते. १९७८ साली कॅनडामध्ये रसायनशास्त्राच्या शिक्षकांसाठी निघणाऱ्या एका पत्रकात ‘लिटर’ नावाच्या फ्रेंच गृहस्थाचे सविस्तर चरित्र छापून आले. तो एप्रिल महिन्यातील विनोद होता. असा माणूस झालाच नव्हता. तरीही ते चरित्र खरे मानून काहींनी अन्यत्र छापले. मीटर, लिटर, ग्राम, सेकंद, मोल ही माणसांची नावे नव्हेत. तारीख आणि गाव यांची खात्री नसेल तर ती गोष्ट वर्गात सांगू नये. “पुस्तकात पाहून सांगतो” असे म्हणण्यात कमीपणा नाही.

वर्गात करावयाचा प्रयोग अगदी साधा आहे. एक शिवणकामाची सुई चुंबकावर एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा घासावी, मध्यभागी धाग्याने समतोल टांगावी आणि वाऱ्याचा झोत लागू नये म्हणून काचेच्या बरणीत लोंबत ठेवावी. सुई उत्तर-दक्षिण स्थिर झाली की वरून एक तांब्याची तार, सुईला समांतर, न्यावी व तिची दोन्ही टोके एका घटाला क्षणभर लावावीत. सुई हलते. तार लांब करून पुन्हा पाहावे. सुई कमी हलते. ओहमने हेच पाहिले होते, फक्त त्याने आकडे टिपले. मोबाईल, लोखंडी कपाट आणि लोखंडी पायांचे बाक दूर सारावेत. धागा कच्चा, न पिळलेला, रेशमाचा मिळाल्यास उत्तम. शिवणाचा पिळदार दोरा घेतला तर सुई आपल्या पिळानेच फिरत राहते आणि मुले तेच पृथ्वीचे बल समजून वहीत लिहून ठेवतात.